मोनोचा 'ओथ' आणि 'तेच ते' हा आरोप

मासुंदा
रवि, २३ जून २०२४, रात्री १०:१२

मोनो या जपानी बँडचा 'ओथ' हा नवा अल्बम १४ जूनला आला. आठवडाभर त्यावरची परीक्षणं सापडतील तिथून वाचतो आहे. बहुतेकांचा सूर एकच: सुंदर आहे, पण तेच आहे. स्तुती करणारे म्हणतात, तेच आहे पण किती सुरेख. नावं ठेवणारे म्हणतात, सुरेख आहे पण किती दिवस तेच. माझा राग स्तुतीवरही नाही आणि टीकेवरही नाही. 'तेच' म्हणजे नक्की काय, हे दोघांपैकी कुणीच उलगडून सांगत नाही, यावर आहे.

ज्यांनी मोनो ऐकलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. टोकियोचा बँड, १९९९ साली सुरू झाला. ताका गोतो आणि योदा गिटारवर, तामाकी बेस आणि पियानोवर, आणि गेली काही वर्षं ड्रम्सवर डाम माजुरी चिपोला हा अमेरिकन वादक. गायक नाही. पहिला अल्बम २००१ मध्ये जॉन झॉर्न या अमेरिकन संगीतकाराच्या त्झाडिक लेबलवर, म्हणजे ध्वनिमुद्रिका कंपनीतर्फे, आला, त्याचं नाव 'अंडर द पिपल ट्री'. (टोकियोच्या मुलांना पिंपळ आठवावा याचा मला आजही आनंद होतो.) दोन्ही गिटारवादक मंचावर बसून वाजवतात, मान खाली घालून, आपल्याकडचे सतारिये बसतात तितक्याच एकाग्रतेने.

हा प्रकार पोस्ट-रॉक म्हणून ओळखला जातो. वाद्यं रॉकचीच, पण शब्द आणि ठेका यांच्यावर गाणं उभं करायचं नाही, नाद आणि त्याचा पोत यांच्यावर करायचं. सायमन रेनॉल्ड्स या इंग्रज समीक्षकाने १९९४ मध्ये हे नाव रूढ केलं. पुढच्या दहा वर्षांत त्यातल्या वाद्यप्रधान बँडांची एक घडण पक्की झाली. हळू सुरुवात, एक साधी धून, तिच्यावर थर चढत जाणं, शेवटी गिटारचा प्रपात. मोनो पंचवीस वर्षं हीच घडण वाजवत आले आहेत, 'ओथ'मध्येही तीच आहे. इथपर्यंत समीक्षकांचं बरोबर आहे.

पण घडण तीच असणं हा दोष कधीपासून झाला? पंडित राम मराठे महोत्सवाला ठाण्यात आपण बसतो. गायक आला, ख्याल गायला विलंबित, म्हणजे संथ लयीतला, एकताल लावला, तर 'याही वर्षी विलंबितानेच सुरुवात' अशी तक्रार घेऊन कुणी उठून जातो का? आराखडा ठरलेला आहे म्हणूनच कान बारकाव्यांना मोकळा राहतो. गायकाने आज षड्ज कसा लावला, कोणत्या स्वरावर रेंगाळला, बढत, म्हणजे रागाची हळूहळू होणारी वाढ, कुठे खुलली, हे आपण ऐकतो. 'ओथ'च्या परीक्षणांत हे बारकावे जवळपास नाहीत. 'अस देन', 'ओथ' आणि 'देन अस' या पहिल्या तीन रचना एकमेकींत मिसळून एकच लांब प्रवास होतो. त्या प्रवासात धून कशी वाढते याबद्दल चार ओळी लिहायला काय हरकत होती? आराखडा ओळखला आणि ऐकणं संपवलं, असं मला अनेक परीक्षणांत दिसतं.

ठाणे-नवी मुंबईत हे ऐकणारे मोजकेच असतील, पण आहेत हे मला माहीत आहे. मतं मांडा.

पावसाळी_दुपार
रवि, २३ जून २०२४, रात्री १०:४०

वाचनखूण साठवली. मी या प्रकारात नवीन आहे, मोनोचं एकही गाणं ऐकलेलं नाही. 'ओथ'पासूनच सुरुवात करू की आधी जुना एखादा ऐकू?

मासुंदा
रवि, २३ जून २०२४, रात्री १०:५५

@पावसाळी_दुपार, आधी २००९ चा 'हिम टू द इमॉर्टल विंड' ऐका. पूर्ण वाद्यवृंदासोबत केलेला तो त्यांचा सगळ्यात भरदार अल्बम. तो पचला की 'ओथ'. आणि एक विनंती, दोन्ही एका बैठकीत, मध्ये न थांबता ऐका.

ऐरोलीकर
सोम, २४ जून २०२४, सकाळी ९:२०

मासुंदाराव, तळमळ कळते. पण ख्यालाची तुलना इथे बसत नाही.

यमन विलंबितात सुरू होणार हे ठरलेलं असतं, पण पुढे काय होणार हे गवयालाही पूर्ण ठाऊक नसतं. आज आवाज कसा आहे, साथीला कोण आहे, समोर कोण बसलं आहे, यावर ते ठरतं. आराखड्याच्या आत धोका आहे म्हणून आराखडा खपतो. मोनोचं संगीत लिहिलेलं आहे. वाद्यवृंद घेतला की प्रत्येक व्हायोलिनवाल्यासमोर कागद असतो. आराखडाही ठरलेला आणि आतला मजकूरही ठरलेला असेल, तर पंचवीस वर्षांनी समीक्षकाने 'यात नवं काय' विचारलं तर तो त्याचा हक्कच आहे.

दुसरं, या घडणीचं काय झालं तेही पाहायला हवं. टेक्ससच्या एक्स्प्लोजन्स इन द स्काय या बँडने २००४ मध्ये 'फ्रायडे नाईट लाइट्स' चित्रपटाला संगीत दिलं. २००६ मध्ये बीबीसीने 'प्लॅनेट अर्थ'च्या जाहिरातीत आइसलँडच्या सिगुर रोस बँडचं 'होप्पिपोला' वापरलं. दोन्ही ठिकाणी संगीत अप्रतिम आहे, प्रश्न तो नाही. त्यानंतर हळू सुरुवात आणि भव्य शेवट ही जाहिरातवाल्यांची आवडती सोय झाली. विमा, बँक, मॅरेथॉन, निवडणूक, सगळीकडे तोच पियानो आणि तीच चढण. जी गोष्ट १९९९ मध्ये ऐकून अंगावर काटा येत होता, ती आता कान आपोआप ओळखतो आणि सावध होतो. यात मोनोचा दोष नाही. पण २०२४ मधला श्रोता हे ओझं घेऊनच ऐकणार, आणि कलाकाराने त्याचा विचार करायला हवा.

माँट्रियलच्या गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर या बँडकडेही ही चढण आहेच. पण त्यांच्या संगीतात रस्त्यावरचे आवाज आहेत, रेडिओवरची भाषणं आहेत, एकसुरी घरघर आहे, राग आहे. दहा वर्षांच्या खंडानंतर २०१२ मध्ये त्यांनी जो अल्बम काढला त्याला कॅनडाचं पोलारिस पारितोषिक मिळालं. त्यांचं संगीत ऐकताना मला पुढचं वळण सांगता येत नाही. मोनोचं सांगता येतं.

आणि एक नाजूक मुद्दा. ज्याने हा अल्बम ध्वनिमुद्रित केला तो स्टीव्ह अल्बिनी ७ मे रोजी गेला, वयाच्या ६१ व्या वर्षी. पाच आठवड्यांनी 'ओथ' आला. कौतुकाच्या परीक्षणांत ते दुःख मिसळलेलं आहे असं मला वाटतं. माणूस मोठाच होता. पण मग परीक्षण अल्बमचं आहे की श्रद्धांजली आहे, हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

टेकडीवरून
सोम, २४ जून २०२४, सकाळी ११:०५

जाहिरातींच्या मुद्द्याला +१. माझ्या मुलीने मोनो पहिल्यांदा ऐकून 'ही कसली जाहिरात?' असंच विचारलं होतं.

चिकारी
मंगळ, २५ जून २०२४, रात्री ९:३०

नेरूळला सतार शिकवते, त्यामुळे हा धागा सोडवला नाही.

ऐरोलीकर, ख्यालाची तुलना लंगडी आहे हे मान्य. पण मासुंदांनी शेजारचं दार ठोठावलं असतं तर बरोबर घर सापडलं असतं. मोनोची घडण ख्यालाची नाहीच. ती सतारवादनातल्या आलाप, जोड, झाला या टप्प्यांची आहे.

आलापात ठेका नसतो. एकेक स्वर उघडत जातो. जोडात लय येते, अजून तबला नाही, पण आतला ठोका जाणवायला लागतो. झाल्यात चिकारीच्या तारा सतत वाजत राहतात, मुख्य तारेवरची धून त्या वर्षावातून वर येते, आणि वादन टिपेला पोहोचतं. आता गोतोची गिटार ऐका. शेवटाकडे जाताना तो एकच स्वर अतिवेगाने, न थांबता छेडत राहतो. एका स्वराची शेकडो आघातांत फोड होते आणि तरी कानाला तो सलग लांबलेला स्वर वाटतो. सतारीचा नाद पटकन विरतो, म्हणून आम्हालाही तो पुन्हा पुन्हा जागवावा लागतो. तार छेडून वाजवायच्या वाद्याची ही अडचण ठाण्यात आणि टोकियोत सारखीच, आणि दोघांनी काढलेली वाटही सारखी.

पण फरक आहे, आणि माझ्या मते 'ओथ'चं परीक्षण त्या फरकापाशी व्हायला हवं होतं. झाल्यात लय वाढते. आवाज फार मोठा होत नाही, गती होते. मोनोकडे बहुतेक वेळा लय जिथल्या तिथे राहते, आवाजाची घनता वाढते. धून त्याच चालीने चालत असते आणि तिच्याभोवतीचं आभाळ भरून येतं. त्यामुळे शेवटाला झाल्यासारखा थरार येत नाही, एक भार येतो. काहींना हा भार म्हणजे दुःख वाटतं, काहींना कंटाळा वाटतो. दोन्ही प्रतिक्रिया मला समजतात.

आता बढतीबद्दल. पहिल्या तीन रचनांबाबत मासुंदांशी सहमत. तिथे धून खरोखर वाढते. पण मधल्या भागात वाद्यवृंद मला खटकला. अनेक ठिकाणी व्हायोलिनं गिटारचीच धून उचलतात आणि वरच्या सप्तकात नेऊन ठेवतात. म्हणजे एकच गोष्ट दोघांनी सांगितली. दोन गिटारांच्या मध्ये जी मोकळी जागा असते, जिथे ऐकणाऱ्याचं मन जाऊन बसतं, ती भरून टाकली आहे. शिष्य रियाजात प्रत्येक मात्रा भरायला लागला की मी त्याला थांबवते. इथेही थांबवलं असतं. 'तेच ते' म्हणणाऱ्या समीक्षकांना जे जाणवतं ते बहुधा हेच आहे, पण त्यांनी दोष घडणीला दिला. दोष भरण्याचा आहे.

मासुंदा
मंगळ, २५ जून २०२४, रात्री १०:१०

चिकारीताई, लय आणि घनतेचा फरक वाचून 'ओथ' पुन्हा लावला. हे एक वाक्य जरी परीक्षणांत असतं तरी मी धागा काढला नसता. वाद्यवृंदाबद्दल मात्र मला वेगळं वाटतं, ते नंतर सविस्तर लिहितो.

ध्वनिमुद्रक
बुध, २६ जून २०२४, रात्री ११:५०

घणसोलीत छोटी खोली आहे, ध्वनिमुद्रणाचं काम करतो. अल्बिनीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ऐरोलीकर, श्रद्धांजलीचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. त्याच्या जाण्याने सगळे हलले हे खरंच. त्याच्या स्वतःच्या शेलॅक बँडचा 'टू ऑल ट्रेन्स' तो गेल्यावर दहा दिवसांनी बाहेर आला, आणि तोही आम्ही असाच जड मनाने ऐकला. पण 'ओथ'च्या बाबतीत अल्बिनीला वगळून परीक्षण करताच येत नाही. ते नातं वीस वर्षांचं आहे. २००४ चा 'वॉकिंग क्लाउड' त्याने केला, मग २००६ चा 'यू आर देअर', २००९ चा 'हिम'. मधली काही वर्षं सोडली तर २०१६ पासून पुन्हा तोच. मोनोचा म्हणून जो आवाज आपण ओळखतो तो त्याच्या खोलीत घडला आहे.

तो स्वतःला निर्माता म्हणवत नसे. 'ध्वनिमुद्रण अमुक' एवढीच नोंद त्याला पुरे होती, आणि पुष्कळदा तीही नको असे. निर्वाणा या अमेरिकन बँडचा 'इन युटेरो' १९९३ मध्ये आला, त्याच्या आधी त्याने बँडला पत्र लिहून कळवलं होतं की विक्रीतला वाटा घेणार नाही, कामाची एकदाच ठरलेली रक्कम घेईन. त्याच्या मते वाटा घेणं नीतीला धरून नव्हतं. लेबलं वादकांना कसं नागवतात यावर त्याने त्याच वर्षी लिहिलेला लेख आजही कोणत्याही नवीन बँडने वाचावा असा आहे. मी माझे दर ठरवले तेव्हा तोच माणूस डोळ्यासमोर होता.

आता कामाबद्दल. शिकागोत त्याचा इलेक्ट्रिकल ऑडिओ हा स्टुडिओ आहे. तो टेपवर मुद्रण करायचा. सगळे वादक एकत्र वाजवतात असंच मुद्रण त्याला आवडे. ड्रम्सजवळ माइक असायचेच, शिवाय लांबवर, खोलीत दुसरे. त्यामुळे ड्रमचा ठोका आणि त्या ठोक्यानंतर खोलीने दिलेलं उत्तर, दोन्ही टेपवर येतात. नंतर तो आवाज दाबून सगळीकडे सारखा मोठा करणं त्याला मान्य नव्हतं. गेली तीस वर्षं बाजारात जी चढाओढ चालली आहे, प्रत्येक गाणं आधीच्यापेक्षा मोठं वाजलं पाहिजे, त्यापासून तो दूर राहिला. मोनोसारख्या बँडला हाच माणूस हवा. ज्या संगीताचा सगळा अर्थ हळू आणि मोठ्या यांच्यातल्या अंतरात आहे, ते अंतर दाबून टाकलं तर उरतं काय?

आणि म्हणून 'तेच ते' या आरोपाकडे मी ऐकण्याच्या साधनाच्या बाजूनेही पाहतो. ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बरच्या गाडीत, दारात उभं राहून, इअरफोनवर 'ओथ' ऐकला तर पहिली काही मिनिटं ऐकूच येत नाहीत. पारसिकचा डोंगर डाव्या हाताला असेपर्यंत गाडीची खडखड ऐकू येते. मग आपण आवाज वाढवतो, तोवर रचना टिपेला येते, आणि कानात फक्त गोंगाट पोहोचतो. मधला चढ गेला. उरली सुरुवातीची शांतता आणि शेवटचा गोंगाट. असं ऐकणाऱ्याला सगळ्या रचना सारख्याच वाटणार. फोनच्या स्पीकरवर तर बेस गायबच होतो, आणि तामाकीचा बेस गेला की मोनोचा पाया गेला.

चिकारीताई, व्हायोलिनांबद्दल. ती गिटारला चिकटून असतात हे खरं, पण चांगल्या स्पीकरवर ती गिटारच्या मागे, खोलीच्या भिंतीजवळ ऐकू येतात. गिटार जवळ आहे, व्हायोलिनं लांब आहेत. इअरफोनवर ते अंतर मिटतं आणि दोघं एकमेकांवर बसतात. तुम्ही कशावर ऐकलंत?

चिकारी
गुरु, २७ जून २०२४, सकाळी ७:१५

इअरफोनवरच. स्पीकरवर ऐकून सांगते. पण एक लक्षात घ्या, बहुसंख्य लोक इअरफोनवरच ऐकणार आहेत, आणि संगीतरचनेने त्यांचाही विचार करायला हवा.

जुना_श्रोता
शुक्र, २८ जून २०२४, संध्याकाळी ६:४०

मी नौपाड्यात राहतो, वय सत्तरीच्या पुढे. आयुष्यभर शास्त्रीय संगीत ऐकले. पुतण्याने हा धागा वाचायला दिला आणि त्याच्या स्पीकरवर 'ओथ' ऐकवला. दोनदा पूर्ण ऐकला. पहिल्या वेळी बाहेर पाऊस होता, खिडकीवरच्या पत्र्याचा आवाज इतका की अर्धे कळले नाही. दुसऱ्या दिवशी उघडीप पाहून पुन्हा बसलो.

शब्द नाहीत याचे मला काही वाटले नाही. तंतकारी, म्हणजे तंतुवाद्यांचे वादन, ऐकणाऱ्याला शब्दांची उणीव भासत नाही. मला उणीव भासली समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची.

आपल्याकडे ताण आणि सुटका हा खेळ तालाच्या प्रत्येक आवर्तनात होतो. गवई बाहेर जातो, फिरतो, आणि समेवर येतो. ऐकणाऱ्याचा जीव क्षणभर टांगला जातो आणि खाली येतो. तासाभराच्या गाण्यात असे कितीदा तरी घडते. या जपानी मंडळींच्या संगीतात मी सम शोधत राहिलो. ती सापडेना. मग शीर्षक-रचना दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात आले की सम आहे, पण ती एकच आहे. सबंध रचनेला एक सम. सगळी वाद्ये आठ-दहा मिनिटे त्या एका ठिकाणाकडे चालत असतात. पोचली की मोठा गजर होतो आणि रचना संपते.

हे कळल्यावर मला ऐकणे सोपे झाले. इतका वेळ समेला थांबवून ठेवायला धीर लागतो, वाजवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही. माझ्या पिढीला तो होता. 'रन ऑन' नावाची रचना ड्रमच्या जोरावर सुरुवातीपासूनच पळते, ती मला कमी आवडली. पुतण्याला तीच जास्त आवडली.

ऐरोलीकर
शुक्र, २८ जून २०२४, रात्री ८:३०

काका, फार नेमकं सांगितलंत. पण तुमचंच सूत्र घेऊन मी माझा मुद्दा पुढे नेतो. आवर्तनात समा अनेक असतात, त्यामुळे एखादी फसली तरी मैफल टिकते. इथे एकच सम. आणि ती कशी येणार, किती मोठी असणार, हे मोनो ऐकणाऱ्याला पहिल्या मिनिटालाच माहीत असतं. एकच गोष्ट द्यायची आणि ती आधीच माहीत असायची, म्हणजे ऐकणाऱ्याने वाट कशाची पाहायची?

चिकारी
शुक्र, २८ जून २०२४, रात्री ९:०५

ऐरोलीकर, सम कुठे येणार हे सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत असतं. हाताने मात्रा मोजत बसलेली माणसं असतात. तरी दाद तिथेच जाते. माहीत असलेल्या ठिकाणी माणूस कसा पोचतो, त्याला दाद असते. तिहाई, म्हणजे तीनदा घेऊन समेवर येणारा तुकडा, आधी कळली म्हणून तिची गोडी कमी होत नाही.

म्हणून प्रश्न शेवटाचा नाही. आधीची मिनिटं कशी गेली याचा आहे. माझं मत तेच: पहिल्या तीन रचनांत ती मिनिटं भरलेली आहेत, मधल्या एक-दोन रचनांत ती फक्त घालवली आहेत.

पावसाळी_दुपार
शनि, २९ जून २०२४, दुपारी ३:१०

'हिम' ऐकला, 'ओथ'ही ऐकला. नवीन माणसाचं मत: मला 'तेच ते' वाटलं नाही, कारण आधीचं काही माहीतच नव्हतं. 'हिअर द विंड सिंग' मी रात्री स्वयंपाकघर आवरताना लावली होती आणि हातातलं काम तसंच ठेवून ओट्याशी उभी राहिले. परीक्षण लिहिणाऱ्याने आधीचे सगळे अल्बम ऐकलेले असतात. वाचणाऱ्यांपैकी कितीजणांनी ऐकलेले असतात? 'हा बँड पहिल्यांदा ऐकणार असाल तर' असं एक वाक्य तरी परीक्षणात असावं. मी दोन-तीन परीक्षणं आधी वाचली असती तर कदाचित अल्बम लावलाच नसता.

मासुंदा
रवि, ३० जून २०२४, सकाळी १०:४५

पावसाळी, हे फार महत्त्वाचं लिहिलंत.

वाद्यवृंदाबद्दल लिहायचं राहिलं होतं. ताई म्हणतात व्हायोलिनांनी जागा भरली. मी ते असं ऐकतो: 'हिम'मध्ये वाद्यवृंद भव्य होता, गिटारशी टक्कर घेणारा. 'ओथ'मध्ये तो मागे सरकला आहे. विशेषतः ब्रास, म्हणजे शिंगं-तुताऱ्यांच्या जातीची वाद्यं, जिथे येतात तिथे ती वर चढत नाहीत, खालून आधार देतात. अल्बमचा विषय बँडने स्वतःच सांगितला आहे: वेळ, आयुष्याचा मोजकेपणा, आणि हाती आहे त्याचं काय करायचं. पंचवीस वर्षं सोबत वाजवणाऱ्या माणसांनी या विषयावर काम करताना टक्कर सोडून आधाराकडे वळावं, हा मला बदल वाटतो. लहान बदल आहे, पण आहे. 'काहीच बदललं नाही' असं लिहिणाऱ्याने 'हिम' आणि 'ओथ' पाठोपाठ ऐकलेले नाहीत अशी माझी खात्री आहे.

आणि ऐरोलीकर, श्रद्धांजलीबद्दल. अल्बम अल्बिनी हयात असताना तयार झाला. मृत्यूचा विचार त्यात आधीपासूनच होता. बातमीने आपलं ऐकणं बदललं, संगीत बदललं नाही. परीक्षकाने एवढी रेघ ओढली तरी पुरे. बातमी विसरून ऐका असं मी कुणालाही सांगणार नाही.

ध्वनिमुद्रक, तुमच्या खोलीत एकदा सगळ्यांनी बसून ऐकता येईल का?

ध्वनिमुद्रक
रवि, ३० जून २०२४, दुपारी १२:२०

या की. १४ जुलै, रविवार, सकाळी १०. सातजण आरामात बसतात. घणसोली स्टेशनला पूर्वेला उतरा, पत्ता व्यक्तिगत निरोपात देतो. मेगाब्लॉक आहे का ते आदल्या दिवशी बघून निघा. काका, तुम्हाला आणायला मी ठाण्याला येतो.

ऐरोलीकर
सोम, १५ जुलै २०२४, रात्री ९:४०

काल घणसोलीत बसून पूर्ण अल्बम ऐकला, त्याबद्दल लिहितो. ध्वनिमुद्रकांचे आभार, आणि काकांनी आणलेल्या खरवसाचेही.

स्पीकरवर काय फरक पडला? पहिल्या तीन रचनांत खूप पडला. तामाकीचा बेस हा स्वतंत्र आवाज म्हणून ऐकू आला. 'ओथ'मध्ये धून गिटारकडून ब्रासकडे जाते तिथे बेस खाली एकाच स्वरावर ठाम थांबून राहतो, आणि त्या थांबण्यामुळे वरचं सगळं हलत असल्याचा भास होतो. माझ्या इअरफोनवर हे नव्हतंच. या तीन रचनांना 'तेच ते' म्हणणं अन्याय आहे असं मी म्हणेन.

'रन ऑन'मध्ये डामचे ड्रम्स त्या खोलीत भिंतीवर आदळून परत येत होते. काकांना ती तरीही आवडली नाही, मला आवडली.

मधल्या भागाबद्दल चिकारीताईंशी सहमत आहे, स्पीकर कितीही चांगला असला तरी. 'होली विंटर' लागली तेव्हा मी मुद्दाम डोळे मिटून पुढचं वळण मनात मोजत होतो. जिथे वाटलं तिथेच ते आलं. व्हायोलिनं मागे ऐकू आली, ध्वनिमुद्रक म्हणाले तशी, पण मागे असली तरी ती गिटारचीच धून म्हणत होती. तासाहून लांब अल्बमातून दोन रचना काढल्या असत्या तर परीक्षकांची तक्रार निम्मी झाली असती. जाहिरातींनी या चढणीचा जो चोथा केला आहे त्याचं ओझंही मला मधल्या भागातच जाणवलं, पहिल्या तीनमध्ये नाही.

मी परीक्षण लिहिलं असतं तर हेच लिहिलं असतं: सुरुवात पंचवीस वर्षांच्या कामाचा कळस, मध्य सैल, 'टाइम गोज बाय'ने शेवट सावरलेला.

मासुंदा
सोम, १५ जुलै २०२४, रात्री १०:२५

ऐरोलीकर, शेवटचं वाक्य मी तसंच्या तसं मान्य करतो, एक 'होली विंटर' सोडून. तिच्यातली व्हायोलिनं गिटारची धून म्हणतात खरी, पण पाऊण मात्रा उशिरा. काल चौथ्या-पाचव्या मिनिटाच्या आसपास मी ते ध्वनिमुद्रकांना दाखवलं होतं, तेव्हा तुम्ही खरवस वाढत होतात.

चिकारी
सोम, १५ जुलै २०२४, रात्री १०:५०

पाऊण नाही, अर्धी. आणि सगळीकडे नाही, दुसऱ्यांदा धून येते तेव्हाच. उद्या शिकवणी संपल्यावर लिहून काढते आणि इथे टाकते.